बाहेर उणे पंधरा आणि शॉवर कोरडा: अमेरिका-कॅनडातल्या पहिल्या हिवाळ्यासाठी

न्यू जर्सी, शिकागो, मिनियापोलिस, टोरंटो इथे पहिला हिवाळा काढणाऱ्यांची एक तक्रार जानेवारीत हमखास येते: शॉवरला पाणीच नाही, किंवा आहे पण कोमट, किंवा तीन मिनिटं छान गरम आणि मग एकदम गार. अशा वेळी बहुतेक जण आधी शॉवरचं डोकं खोलायला घेतात. हिवाळ्यात तिथे दोष सापडण्याची शक्यता फार कमी. दुखणं भिंतीतल्या पाइपात असतं, वॉटर हीटरमध्ये असतं, कधी सांडपाण्याच्या पाइपांना हवा देणाऱ्या छतावरच्या व्हेंटमध्ये असतं. शॉवर फक्त त्याचा निरोप आणतो. म्हणून हत्यारं काढण्याआधी दुखणं कुठे आहे ते शोधायचं.

या लेखात नुसतं 'अंश' म्हटलं की फॅरनहाइट समजा. अमेरिकेतले थर्मोस्टॅट, हीटर आणि प्लंबर याच मापात बोलतात. ३२ अंश म्हणजे शून्य सेल्सिअस.

सगळ्यात आधी: मेन व्हॉल्व्ह

शॉवर ठीक चालत असला तरी हे आजच करून ठेवा. घरात येणारं सगळं पाणी बंद करणारा मुख्य व्हॉल्व्ह कुठे आहे ते शोधा आणि घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाला दाखवा. थंड प्रदेशात तो बहुधा बेसमेंटमध्ये असतो, रस्त्याकडच्या भिंतीतून पाइप आत येतो तिथे मीटरजवळ. टेक्सासकडे बहुधा बेसमेंट नसतं. तिथे तो गॅरेजमध्ये, बाहेरच्या भिंतीवर किंवा फुटपाथजवळच्या जमिनीतल्या मीटरच्या पेटीत सापडतो, आणि पेटीतला व्हॉल्व्ह फिरवायला लांब दांड्याची चावी लागते. हार्डवेअरच्या दुकानात ती मिळते, आणून ठेवा.

आडव्या दांडीचा व्हॉल्व्ह पाव फेऱ्यात बंद होतो. गोल चाकाचा जुना व्हॉल्व्ह बरेच फेरे घेतो आणि वर्षानुवर्षं न हलवल्यामुळे अडकलेला असतो. त्याला जोर लावू नका. त्याची दांडी तुटली तर भर थंडीत नवीच भानगड. हिवाळ्याआधी प्लंबरकडून बदलून घेतलेला बरा.

अपार्टमेंटमध्ये भाड्याने राहत असाल तर मेन व्हॉल्व्ह तुमच्या हातात नसेलही. मग मेंटेनन्सचा चोवीस तासांचा आपत्कालीन नंबर फोनमध्ये टाकून ठेवा. पाइप गोठल्याची शंका आली की लगेच कळवा, आणि फोनवर सांगितलं तरी लेखी मेसेजही पाठवा. फुटलेल्या पाइपाचं पाणी खालच्या मजल्यावर गेलं की पहिला प्रश्न हाच येतो की तुम्ही कधी कळवलं. करारातही एकदा नजर टाका. घरात ठरावीक तापमान ठेवायची आणि नळ थेंब-थेंब सोडायची जबाबदारी बऱ्याचदा भाडेकरूवर टाकलेली असते.

पाच मिनिटांची तपासणी

शॉवर तसाच सोडा आणि बाथरूममधल्या बेसिनपाशी जा. आधी थंड नळ उघडा, मग गरम. नंतर स्वयंपाकघरातला नळ तपासा, आणि घरात दुसरं बाथरूम असेल तर तिथलाही.

कुठेच पाणी नाही, तर घरात येणारी मुख्य लाइन गोठली आहे किंवा पालिकेचाच पुरवठा बंद आहे. शेजाऱ्यांना विचारा. जमिनीखालची लाइन गोठली असेल तर ते घरगुती काम नाही. पालिकेच्या पाणीखात्याला फोन करा. एक गोष्ट नव्या माणसाला चकवते: गारठा जमिनीत हळूहळू खोल उतरत जातो. त्यामुळे या लाइनी ऐन जानेवारीपेक्षा फेब्रुवारीच्या शेवटी किंवा मार्चमध्येही गोठतात, बाहेर हवा सुधारू लागलेली असताना.

सगळीकडे थंड पाणी आहे पण गरम कुठेच नाही, तर हीटर पाहा. एकाच बाथरूममध्ये पाणी नाही, तर त्या बाथरूमकडे जाणारा पाइप गोठला आहे. हे बाथरूम बहुतेक गॅरेजच्या डोक्यावर, घराच्या उत्तरेच्या कोपऱ्यात किंवा क्रॉलस्पेसवर (घराखालच्या बुटक्या पोकळीवर) असतं.

आता खरी चकवणारी गोष्ट. बेसिनला गरम पाणी धो-धो येतंय, थंड नळ कोरडा आहे, आणि शॉवरला मात्र दोन्हीपैकी काहीच नाही, फार तर एक बारीक धार. लोक म्हणतात, शॉवरचा व्हॉल्व्ह गेला. गेलेला नसतो. इथल्या एका मुठीच्या शॉवरमध्ये दाबाचा समतोल राखणारा व्हॉल्व्ह असतो. कोणी फ्लश केला आणि थंड पाण्याचा दाब पडला तर अंगावर उकळतं पाणी येऊ नये म्हणून त्यातला छोटा सरकता दांडा गरम बाजूही तेवढीच आवळतो. थंड बाजू गोठून पूर्ण बंद झाली की तो गरम बाजूही जवळजवळ बंद करतो. उलट प्रकारातही, म्हणजे गरम बाजू गोठली तरी, तेच होतं. व्हॉल्व्ह त्याचं काम चोख करतोय. गोठलेली बाजू मोकळी झाली की शॉवर आपोआप सुरू होतो, कार्ट्रिज (व्हॉल्व्हच्या आतला सुटा भाग) बदलायची गरज नसते.

पाइप गोठलाय: वितळवण्याची रीत

बाहेरचं तापमान २० अंशांच्या (उणे ७ सेल्सिअस) खाली गेलं की इन्सुलेशन नसलेले पाइप गोठण्याचा धोका खरा सुरू होतो. वारा असेल आणि भिंतीला फट असेल तर त्याआधीही.

पाण्याचं बर्फ होताना आकारमान सुमारे ९ टक्के वाढतं. पण पाइप फुटतो तो बहुधा बर्फाने बाजूने रेटल्यामुळे नाही. बर्फाचा बूच आणि बंद नळ यांच्यामध्ये अडकलेल्या पाण्यावर दाब वाढत जातो आणि पाइप सगळ्यात कमजोर जागी फाटतो. ती जागा बर्फापासून काही फूट लांब, उबदार भागातही असू शकते. म्हणून पहिलं काम: नळ उघडणे. बेसिनचे दोन्ही नळ उघडा. शॉवरची एक मूठ मध्यावर ठेवा, म्हणजे गरम आणि थंड दोन्ही बाजू उघड्या राहतील. टब असेल तर पाणी वर शॉवरला नेणारी खुंटी खाली करा. दाबाला वाट टबाच्या तोटीतून मिळू दे.

मग असं करा:

१. पाइप आधीच फाटलाय का ते पाहा. खालच्या मजल्याच्या छतावर ओल, भिंतीचा फुगवटा, पाइपावर बारीक चीर किंवा दव धरल्यासारखी पांढरी रेघ दिसली तर मेन लगेच बंद करा आणि प्लंबरला बोलवा. गोठलेला असताना फाटलेला पाइप गळत नाही, बर्फ वितळल्यावर गळतो. म्हणून दुसरा माणूस मेन व्हॉल्व्हपाशी उभा करा. एकटे असाल तर मेन बंद करूनच ऊब द्या आणि नंतर थोडा थोडा उघडा.

२. गोठलेली जागा शोधा. उघडा पाइप हाताने चाचपत गेलात की एका ठिकाणी तो एकदम बर्फगार लागतो, कधी वर हिमाचा थर दिसतो. शॉवरचा व्हॉल्व्ह असलेल्या भिंतीच्या मागच्या बाजूला, बहुतेक शेजारच्या कपाटात, एक सुटी होणारी फळी असते. ती काढली की व्हॉल्व्ह आणि दोन्ही पाइप समोर येतात. फळी नसेल तर बेसिनखालचं कपाट उघडा आणि बाथरूम गरम करायला घ्या.

३. ऊब नळाच्या बाजूने सुरू करून गोठलेल्या जागेकडे सरका, उलट नाही. मधूनच वितळवलं तर झालेलं पाणी दोन बर्फांच्या मध्ये कोंडतं आणि पुन्हा दाब वाढतो. हेअर ड्रायर सर्वात सोयीचा. तो सारखा हलता ठेवा. गरम पाण्यात पिळलेले टॉवेल पाइपाभोवती गुंडाळून दर काही मिनिटांनी बदलणं हाही चांगला उपाय आहे, आणि त्यात वीज-पाण्याची गाठ पडत नाही. ड्रायर वापरताना जमिनीवर पाणी साचलेलं नको. 'टेस्ट' आणि 'रीसेट' अशी दोन बटणं असलेल्या सॉकेटमध्येच तो लावा.

४. धार सुरू झाली तरी नळ बंद करू नका. वाहतं पाणी उरलेला बर्फ स्वतःच वितळवतं. पूर्ण जोराने पाणी येईपर्यंत चालू द्या.

ब्लोटॉर्च किंवा कुठलीही उघडी ज्योत वापरू नका. भिंतीतल्या लाकडाला आतून लागलेली आग बाहेर दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. घरात लाल-निळे प्लास्टिकचे पेक्स पाइप असतील तर पेंट उडवायची हीट गनही नको. पेक्स ताणला जातो, त्यामुळे तांब्यापेक्षा गोठणं बरं सोसतो, पण त्याचे जोड सोसत नाहीत, आणि सुमारे २०० अंशांच्या वरची उष्णता खुद्द पाइपालाही सोसत नाही.

उघड्या पाइपाला साधारण अर्धा तास ते दोन तास लागतात. पाइप बंद भिंतीत असेल आणि खोली गरम करूनही काही तासांत थेंब आला नाही तर प्लंबर बोलवा. ड्रायवॉल (जिप्समची भिंत) फोडायचा निर्णय त्याला घेऊ द्या.

पाणी परत आल्यावर पुढचा तासभर घरात राहा. सगळे नळ बंद करून मीटरवरचा छोटा त्रिकोण किंवा चांदणी पाहा. ती फिरत असेल तर कुठेतरी गळती आहे. आणि शॉवर सुरू करण्याआधी टबाच्या तोटीतून किंवा बेसिनमधून दोन-तीन मिनिटं पाणी वाहू द्या. वितळताना पाइपाच्या आतली खरपुडी सुटते आणि शॉवरच्या डोक्यातल्या जाळीत जाऊन बसते. धार कमीच राहिली तर डोकं खोला, जाळी धुवा, व्हिनेगरमध्ये तासभर बुडवून ठेवा. परत बसवताना अर्ध्या इंची आट्यांवर टेफ्लॉन टेप तीन वेढे गुंडाळा, आटे ज्या दिशेने आवळतात त्याच दिशेने. हाताने घट्ट करून पाना वापरायचाच तर पाव फेऱ्यापुरता. पान्याखाली फडकं धरा, नाहीतर पॉलिशवर ओरखडे उठतात.

डोकं साफ करूनही बेसिनला जोर आहे आणि शॉवरला नाही, तर मात्र कार्ट्रिजमध्ये कचरा अडकला असेल. कार्ट्रिजवर किंवा मुठीवर कंपनीचं नाव असतं. मोएन, डेल्टा, कोहलर यांची कार्ट्रिजं एकमेकांना चालत नाहीत. फोटो काढून दुकानात न्या.

पाणी येतं, पण कोमटच

सप्टेंबरात मूठ पूर्ण फिरवली की चटका बसायचा, आता जानेवारीत पूर्ण फिरवूनही अंगावर काटा येतो. यात बहुतेक वेळा काहीही बिघडलेलं नसतं. फरक पडतो तो नळाच्या थंड पाण्यात. उन्हाळ्यात ते ७० अंश असेल तर उत्तरेकडे हिवाळ्यात ४० वर येतं.

शॉवरच्या मुठीमागे एक प्लास्टिकची दात्यांची रिंग असते. मूठ गरम बाजूला किती फिरेल हे ती ठरवते, म्हणजे मुलांनी चुकून पूर्ण फिरवली तरी भाजू नये. समजा तिने गरम पाण्याचा वाटा जास्तीत जास्त ७५ टक्क्यांवर थांबवलाय आणि हीटर १२० वर आहे. उन्हाळ्यात मिश्रण १०७ अंश होतं, म्हणजे मस्त. हिवाळ्यात तेच १०० वर येतं, आणि वाटेतल्या गार पाइपात आणखी उतरतं. आंघोळीला साधारण १०५ लागतात.

उपाय दहा मिनिटांचा आहे. मुठीच्या खालच्या बाजूला एक बारीक भोक असतं. त्यात षटकोनी चावीने फिरणारा स्क्रू असतो, तो सैल करून मूठ ओढून काढा. काही मॉडेलमध्ये पुढचं गोल झाकण काढल्यावर साधा स्क्रू दिसतो. आधी टबाच्या भोकावर फडकं टाका. हा स्क्रू ज्वारीच्या दाण्याएवढा असतो आणि हमखास भोकात जातो. रिंगची सध्याची जागा पेन्सिलने खूण करा, फोटो काढा, रिंग बाहेर ओढा, एक दाता फिरवून परत बसवा. दिशा मॉडेलप्रमाणे बदलते. पाणी आणखी गार झालं तर दुसरीकडे फिरवा. दर वेळी एकच दाता, आणि दर वेळी स्वयंपाकाच्या थर्मामीटरने पाणी मोजा. पूर्ण गरम बाजूला १२० च्या वर जाऊ देऊ नका. मे महिन्यात रिंग परत जुन्या खुणेवर आणा, कारण तेव्हा तेच पाणी चटके देईल.

हीटरचं तापमान वाढवून हा प्रश्न सोडवायचा मोह होतो. आमच्या मते लहान मुलं किंवा वयस्कर आईवडील घरात असतील तर तो मार्ग घेऊ नये. १४० अंशांचं पाणी सहा सेकंदांत त्वचा गंभीर भाजतं. १३० ला तीस सेकंद पुरतात. १२० ला त्यासाठी साधारण पाच मिनिटं लागतात, म्हणजे हात मागे घ्यायला वेळ मिळतो. इथली ग्राहक सुरक्षा यंत्रणाही १२० चीच शिफारस करते.

गरम येतं आणि संपतं

भारतात प्रत्येक बाथरूमला स्वतंत्र गीझर असतो. इथे बहुतेक घरांत अख्ख्या घराला एकच टाकी, ४० किंवा ५० गॅलनची, म्हणजे १५० ते १९० लिटर. ती सगळी वापरता येत नाही. गरम पाणी वरून निघतं तसं खालून गार पाणी शिरतं, आणि सुमारे ७० टक्के निघाल्यावर धार कोमट होऊ लागते. ४० गॅलनच्या टाकीतून कामाचे २८ गॅलन धरा.

शॉवर मिनिटाला २.५ गॅलन सोडत असेल, थंड पाणी ४० अंश आणि हीटर १२० वर असेल, तर १०५ अंशांसाठी त्यात ८१ टक्के गरम पाणी लागतं. म्हणजे मिनिटाला दोन गॅलन. चौदा मिनिटांत टाकी संपली. त्यात एकाच वेळी वॉशिंग मशीन गरम पाण्यावर लावलं असेल तर सात-आठ मिनिटं. शॉवरचं डोकं मिनिटाला १.५ गॅलनचं लावलं तर तीच टाकी २३ मिनिटं पुरते. हिवाळ्यातला हा सगळ्यात स्वस्त इलाज. किती गॅलनचं आहे ते डोक्याच्या कडेवर बारीक अक्षरांत कोरलेलं असतं.

टाकी पुन्हा तापायलाही हिवाळ्यात जास्त वेळ लागतो. साडेचार किलोवॅटची विजेची टाकी तासाला साधारण २१ गॅलन पाणी ९० अंशांनी तापवते. चार जणांनी पाठोपाठ आंघोळ करायची तर शेवटच्याच्या वाट्याला गार पाणी येणारच. दोघांनी रात्री उरकली तर प्रश्न मिटतो.

पण आधी पंधरा मिनिटं मिळत होती आणि आता चार-पाचच मिळतात, तर तो बिघाड आहे. विजेच्या टाकीत वर आणि खाली अशी दोन एलिमेंट असतात. खालचं जळालं की फक्त वरचा थर तापतो. उन्हाळ्यात हे कळतही नाही, थंडीत उघडं पडतं. किंवा गार पाणी टाकीच्या तळाशी नेणारी आतली नळी तुटलेली असते. मग गार पाणी वरच्या वर गरम पाण्यात मिसळतं. दोन्ही कामं प्लंबरची. वरच्या थर्मोस्टॅटवर लाल रीसेट बटण असतं. २४० व्होल्टचा ब्रेकर बंद करून, झाकण काढून ते एकदा दाबून पाहायला हरकत नाही. पुन्हा उडालं तर सारखं दाबत बसू नका.

टाकीशिवायचा, पाणी जाता जाता तापवणारा हीटर असेल तर हिशेब वेगळा. पाणी संपत नाही, पण जितकं जास्त तापवायचं तितकी धार कमी मिळते. मोठा गॅसवरचा हीटर उन्हाळ्यात मिनिटाला साडेसात गॅलन देत असेल तर ४० अंशांच्या पाण्यावर पावणेपाचच्या आसपास देतो, म्हणजे दोन शॉवर. २७ किलोवॅटचा विजेचा हीटर तेव्हा कसाबसा एक शॉवर सांभाळतो. एका वेळी एकच नळ चालवा.

गॅसचा हीटर मध्येच बंद पडून एरर कोड दाखवत असेल तर घराबाहेर जाऊन पाहा. भिंतीतून बाहेर आलेल्या दोन पांढऱ्या नळ्या बर्फाच्या ढिगाखाली गेल्यात का? एक हवा आत घेते, दुसरी धूर बाहेर टाकते. त्यांच्याभोवतीचा बर्फ मोकळा करा. यात आळस नको. धूर अडला तर कार्बन मोनॉक्साइड घरात येऊ शकतो. त्याचा अलार्म झोपण्याच्या प्रत्येक मजल्यावर हवा. वाजला तर आधी सगळे बाहेर, मग ९११.

टेक्सासमध्ये हे हीटर बऱ्याचदा घराबाहेरच्या भिंतीवर लावलेले असतात. आतले पाइप गोठू नयेत म्हणून त्यात छोटी तापकं असतात, पण ती विजेवर चालतात. फेब्रुवारी २०२१ च्या थंडीत तिथे लाखो घरांची वीज गेली तेव्हा हाच आधार तुटला. वीज जाऊन बराच वेळ झाला आणि बाहेर गोठणारी थंडी असेल तर हीटरचा गॅस आणि पाणी बंद करून खालच्या दोन बुचांतून पाणी काढून टाका. आत गोठून बसलाच असेल तर गॅस आणि वीज बंद ठेवा, आपोआप वितळू द्या. गळत नाही हे पाहिल्यावरच चालू करा.

पाणी तुंबतं, छत ठिबकतं

टबाखालचा वाकडा पाइप क्रॉलस्पेसमध्ये उघडा असेल तर त्यात कायम साचलेलं पाणी गोठतं. टबातलं पाणी मगाने उपसा, भोकात अर्धी वाटी मीठ टाका आणि नळाचं गरम पाणी दोनेक लिटर हळूहळू ओता. उकळतं नको, प्लास्टिकचा पाइप मऊ पडतो. ड्रेन साफ करायचं रसायनही नको. बर्फावर त्याचा उपयोग नाही आणि नंतर प्लंबरच्या अंगावर उडतं.

पाणी हळू जातंय, गुडगुड आवाज येतोय आणि सांडपाण्याचा वास येतोय, तर छतावरच्या व्हेंट पाइपाचं तोंड हिमाने बुजलं असेल. खालून येणारी वाफ तिथे थराथराने गोठत जाते. उन पडलं की बहुतेक वेळा मोकळं होतं. निसरड्या छतावर चढू नका.

शॉवरच्या वर छताच्या पंख्यातून पाणी ठिबकलं की घाबरून लोक प्लंबर बोलावतात. बहुतेक वेळा पाइप फुटलेला नसतो. आंघोळीची वाफ अ‍ॅटिकमधल्या (छपराखालच्या माळ्यातल्या) गार नळीत जाते, तिथे तिचं पाणी होतं आणि परत खाली येतं. आंघोळीनंतर पंखा वीस मिनिटं चालू ठेवा. ती नळी इन्सुलेशन असलेली आणि बाहेरच्या बाजूला किंचित उतरती करून घ्या. ठिबक फक्त आंघोळीनंतरच येते, हीच तिची ओळख.

तोवर आंघोळीचं काय

बादली आणि मग कामाला येतात. १८ लिटरच्या बादलीत ४० अंशांचं (४ सेल्सिअस) अकरा लिटर पाणी घेतलं तर त्यात साधारण सात लिटर उकळतं पाणी मिसळल्यावर आंघोळीजोगं होतं. आधी बादलीत गार पाणी, मग त्यावर उकळतं. भरलेलं पातेलं जिन्यावरून नेऊ नका, केटलीने थोडं थोडं न्या.

भारतातून आणलेला हीटर रॉड मात्र बाहेर काढू नका. २३० व्होल्टचा १५०० वॅटचा रॉड इथल्या १२० व्होल्टवर जेमतेम चारशे वॅट देतो. बादली तापायला जवळजवळ दोन तास लागतील, आणि ओल्या बाथरूममध्ये त्याचा उघडा धोका आहेच.

पुन्हा गोठू नये म्हणून

२० अंशांखालचा अंदाज असेल त्या रात्री बेसिनचे गरम आणि थंड दोन्ही नळ पेन्सिलीहून बारीक धारेवर सोडा. एका मुठीचा शॉवर असा बारीक सोडता येत नाही, तो चालू म्हणजे पूर्ण चालू. बेसिन आणि शॉवरकडे जाणारे पाइप जिथे वेगळे होतात तिथपर्यंतच बेसिनच्या धारेने संरक्षण मिळतं. शॉवरच्या शेवटच्या फांदीला ऊबच द्यावी लागते. म्हणून बाथरूमचं दार उघडं, बेसिनखालचं कपाट उघडं, व्हॉल्व्हमागची फळी काढलेली. त्या रात्री थर्मोस्टॅट खाली आणून वीज वाचवू नका. गॅरेजवर बाथरूम असेल तर गॅरेजचं दार बंद ठेवा.

कायमचा इलाज म्हणजे भिंतीच्या तळाशी आणि पाइप शिरतो तिथल्या फटी फोमने बुजवणं आणि उघड्या पाइपावर फोमच्या नळ्या चढवणं. इन्सुलेशन पाइपाच्या थंड बाजूला हवं. पाइप आणि उबदार खोली यांच्या मध्ये भरलं तर घरातली ऊब पाइपापर्यंत पोचतच नाही, आणि तो आधीपेक्षा लवकर गोठतो. विजेची तापणारी केबल लावायची तर ती स्वतःवरून गुंडाळू नका आणि पाकिटावर लिहिलेल्या प्रकारच्या पाइपावरच लावा.

डिसेंबरात भारतात जाताना

तीन-चार आठवडे घर बंद राहणार असेल तर थर्मोस्टॅट ५५ अंशांच्या खाली नेऊ नका. घर गरम न ठेवल्यामुळे फुटलेल्या पाइपाची भरपाई विमा कंपन्या नाकारू शकतात. निघायच्या दिवशी मेन बंद करा, सगळ्यात वरचा आणि सगळ्यात खालचा नळ उघडून पाइपातलं पाणी जाऊ द्या, फ्लश करा, शॉवरची मूठ मध्यावर ठेवा. घरात आग विझवणारे स्प्रिंकलर असतील तर त्यांची लाइन बंद करू नका. घर रेडिएटरने गरम होत असेल तर मेन बंद करण्याआधी बॉयलरवाल्याला विचारा, कारण बॉयलरला लागणारं पाणी त्याच लाइनीतून येतं. शॉवर, टब आणि बेसिनच्या भोकांत गुलाबी रंगाचं आरव्ही अँटीफ्रीझ (पाइपातलं पाणी गोठू न देणारं द्रव) दोन-दोन कप ओता. गाडीच्या रेडिएटरमधलं अँटीफ्रीझ ओतू नका, ते विषारी असतं. गॅसचा हीटर 'व्हेकेशन'वर ठेवा, विजेच्या हीटरचा ब्रेकर पाडा. एका मित्राकडे किल्ली द्या आणि मेन कुठे आहे ते त्याला दाखवूनच विमानतळ गाठा.

परत आल्यावर घाई नको. सगळे नळ उघडे ठेवून मेन हळू उघडा. आधी नळ फुरफुरतील, हवा निघून जाऊ द्या. पहिलं पाणी शॉवरमधून नाही, टबाच्या तोटीतून सोडा. मग एकेक नळ बंद करत कपाटं आणि छतं पाहत फिरा. हीटर शेवटी. गरम नळातून न फुरफुरता अखंड धार येत असेल तरच टाकी भरली असं समजा आणि मगच ब्रेकर वर करा. अर्ध्या रिकाम्या टाकीत वरचं एलिमेंट कोरडं तापलं तर मिनिटभरही टिकत नाही.